पाचवी पुंगळी

पांढुर्ण्यात नेमबाजी कोणाला शिकवावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा उभं राहतं, दुसऱ्या काठावर सावरगाव. मधे पात्रात पळसाचं झाड, झाडावर झेंडा, आणि दिवसभर दोन्हीकडून गोटमार. गोफणीवर बंदी असते, जमावबंदीचा हुकूम असतो, कॅमेरे असतात, अँब्युलन्स दवाखान्याकडे तोंड करून तयार उभ्या असतात. मागे एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते बाजूला ठेवले आणि दगड उचलले. दरवर्षी शेकड्याने माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. हे थांबायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी पांढुर्ण्याच्या बाहेर कुठेही ठामपणे मांडतो.

मात्र निव्वळ यंत्रशास्त्राच्या बाजूने बोलायचं तर गोट्याला तोड नाही. त्याला चेंबर नाही, स्प्रिंग नाही, परवाना नाही, सुट्या भागांसाठी युरोपला पत्र लिहावं लागत नाही. तो हातातून निघाला की निघाला. गोटा अडकला आहे आणि चार माणसं त्याच्याभोवती उकिडवी बसून ‘ग्रीस कमी पडलं असंन’ म्हणत आहेत, असं दृश्य जाम नदीने कधी पाहिलेलं नाही.

मी पाहिलं आहे, सौंसरला ताईच्या ओसरीवर. तिथे गोटा नव्हता, पिस्तूल होतं.

भाची 25 मीटर पिस्तूल या प्रकारात खेळते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक घेतलं. थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाली आणि निकालासाठी दोनदा शूट-ऑफ खेळावा लागला. भाचीने ते मोबाइलवर पाहिलं आणि जेवताना जाहीर केलं की आपल्याला हेच करायचं आहे. पोरीला पोलिसात जायचं आहे असा ताईचा समज झाला. तो बरीच वर्षं टिकला, आणि त्या समजाच्या आधारावरच तिने सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या.

खेळ साठ गोळ्यांचा आणि सहाशे गुणांचा. पहिल्या तीस गोळ्या सावकाश मारायच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. पुढच्या तीस वेगात. सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा. त्या तीन सेकंदांत 45 अंशात खाली धरलेला हात वर आणायचा, नेम धरायचा आणि एक गोळी सोडायची. पुन्हा हात खाली. असं पाचदा. एकाच हाताने. दुसरा हात बहुतेक जणी खिशात घालतात. त्या खिशातल्या हाताला या लेखात महत्त्वाचं काम आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पिस्तूल .22 चं. वजन 1400 ग्रॅमच्या आत हवं, चाप ओढायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागायला हवा, आणि सगळं मिळून ते 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं. भाचीचं पिस्तूल युरोपातलं, पण सेकंडहँड. एका जुन्या नेमबाजाकडून रीतसर परवानग्या काढून घेतलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिने ते चांगलंच बनवलं होतं, आणि पुढे जे झालं त्याला कंपनी काय करणार?

सरावाचं आणखी एक त्रांगडं. सौंसरहून नागपूर जवळ, म्हणून सराव नागपूरला. पत्ता मध्यप्रदेशाचा, म्हणून राज्य स्पर्धा भोपाळला. मधे राज्याची सीमा, आणि शस्त्र परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो हे लिहिलेलं असतं. आम्ही सीमेपलीकडे सोयरीक करतो, संत्री विकतो, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो, त्यासाठी कोणी कागद विचारत नाही. पिस्तुलाला मात्र संपूर्ण भारताचा परवाना काढावा लागला. आमच्या घराण्यात अखिल भारतीय मान्यता मिळालेलं ते पहिलंच.

दिवाळीनंतर ते बिघडलं.

बिघाड समजायचा तर पुंगळीपासून सुरुवात करायला हवी. .22 लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून चालत आलं आहे. त्याच्या पितळी पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, आणि ठिणगी पाडणारा मसाला त्या कडेच्या पोकळीतच भरलेला असतो. फायरिंग पिन कडेवर आपटते, मसाला पेटतो, अडीच ग्रॅमहून किंचित जड अशी शिशाची गोळी पुढे जाते आणि तोच दाब पुंगळीला मागे रेटतो. मागे बोल्ट असतो, तो सरकतो. बोल्टच्या बाजूला एक आकडी असते, तिचं नाव एक्स्ट्रॅक्टर. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकतात, तशी ती पुंगळीच्या कडेला धरून तिला मागे आणते. मागे इजेक्टर खुंटीसारखा उभाच असतो. तो पुंगळीच्या दुसऱ्या बाजूला टोला देतो आणि पुंगळी बाहेर उडते. मग स्प्रिंगच्या जोराने बोल्ट पुढे येताना मॅगझीनमधली नवी गोळी चेंबरात ढकलतो. हे सगळं तुम्ही ‘पुंगळी’ म्हणून संपवायच्या आत घडतं.

भाचीच्या पिस्तुलात यातलं सगळं घडत होतं, पण चारदाच. पाचव्या गोळीची पुंगळी चेंबरात बसून राही. दर वेळी पाचवीच.

आता गंमत अशी की मॅगझीनमध्ये गोळ्याच पाच. पाचवी गोळी गेली की फेरी संपते. पुंगळी राहिली काय नि गेली काय, गुण तेवढेच. म्हणजे हा अत्यंत सभ्य रोग होता, काम संपल्यावर उठणारा. एखाद्याने सळईने पुंगळी ढकलून पाडली असती आणि विषय सोडून दिला असता. भाचीने मात्र ते घरी सांगितलं. घरी सांगितलेली गोष्ट सौंसरमध्ये घरात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर तज्ज्ञ जमले.

पहिले आले जिनिंगमधले फिटर. सरकी आणि रुई वेगळी करण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे एकातून दुसरं निघत नसेल तर तो आपलाच प्रांत अशी त्यांची खात्री. त्यांनी दुरूनच निदान केलं, ‘बेअरिंग गेलं.’ भाची म्हणाली, ‘काकाजी, यात बेअरिंग नसते.’ ते म्हणाले, ‘म्हणूनच तर.’

मोटरसायकलचा मिस्त्री म्हणाला, ‘ऑइल पाज. चांगलं नरडीपर्यंत पाज.’ हे मत आमच्या भागात सर्व यंत्रांबद्दल, आणि काही माणसांबद्दलही, प्रचलित आहे. भाचीने समजावलं की .22 च्या गोळीला आधीच मेणाचा किंवा चरबीचा हात दिलेला असतो. चेंबरात तेल राहिलं की त्या मेणाचा, शिशाचा आणि काजळीचा मिळून चिकट लेप बसतो, आणि थंडीच्या सकाळी तो घट्ट होतो. मिस्त्री म्हणाला, ‘मंग थंडीतलं ऑइल पाज.’

शिलाई मशीनवाले बराच वेळ गप्प बसले होते. जाताना ते हळूच म्हणाले, ‘बाईंचं काही कमीजास्त झालं असंल तर पाहा.’ कुठल्या बाईंचं ते कळलं नाही. शेजारच्या काकू सगळ्या चर्चेनंतर एवढंच म्हणाल्या, ‘जामसावळीला नेऊन आणा.’ जामसावळीचा हनुमान आमच्याकडे दवाखान्याच्या आधीचा आणि नंतरचा दवाखाना आहे. मूर्ती पहुडलेली, आणि दूरदूरचे रोगी तिथे मुक्कामाला येतात. पिस्तूल नेता येणार नव्हतं, म्हणून ताई भाचीला घेऊन जाऊन आली. रोगी घरी आणि नातेवाईक देवाला, असा तो प्रकार.

सगळ्यात वजनदार मत हवालदारसाहेबांचं. फौजेतून पेन्शनीवर आल्याला वीस वर्षं झाली असावीत, पण त्यांच्या तोंडी अजून ड्रिलच. ‘ह्याला रोक म्हणतात,’ त्यांनी सांगितलं. ‘आणि रोकेला फौरी इलाज असतो. मॅगझीन निकाल, कॉक कर, चेंबर देख, मॅगझीन लगा, फायर. बाकी सब बकवास.’ फिटर दुखावले. यापुढे सौंसरमध्ये दोन पक्ष पडले, बेअरिंगवाले आणि फौरी इलाजवाले. गोटमारीसाठी नदीची गरज नसते हे तेव्हा लक्षात आलं.

एवढे हात शिवशिवत असताना पिस्तुलाला एकानेही हात लावला नाही, आणि त्याचं श्रेय कोणाच्या संयमाला नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम शस्त्र बनवण्याइतकंच शस्त्र दुरुस्त करण्यालाही परवाना मागतं. भाचीने ते कलम छापून, लॅमिनेट करून ओसरीच्या खांबाला लावलं होतं. पिस्तूल आत, कुलपात, बाहेर कलम. सौंसरच्या यांत्रिक प्रतिभेला इतका मोठा अडसर कोणी घातला नव्हता. मिस्त्री रोज येऊन तो कागद वाचत असे आणि म्हणत असे, ‘पण नुसतं खोलून पाहाले काय हरकत आहे?’

आमच्या ओसरीवर एक गुरुजीही येतात. इतिहासाचे. कुठलाही विषय निघो, ते त्याला 1956 पर्यंत घेऊन जातात. संत्र्याचा भाव निघाला तरी. त्यांना एक्स्ट्रॅक्शन फेल्युअर म्हणजे काय हे समजावण्याची तयारी मी करत होतो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. म्हणाले, ‘मला नको सांगू. 1 नोव्हेंबर 1956. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ. आठ निघाले आणि मुंबई राज्यात गेले. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा चेंबरातच राहिला. आकडी तोकडी पडली, बापू.’

‘मंग आता?’ मिस्त्रीने विचारलं. त्याला वाटलं, पिस्तुलाबद्दल चाललं आहे.

‘आता काय? 2023 साली जिल्हा झाला ना. राहिलेल्या पुंगळीला पॉलिश.’

पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेलं, हे सौंसरच्या माणसापुढे सावकाश बोलायचं असतं, त्यामुळे सभा तिथेच संपली.

डिसेंबरात सभ्य रोगाने सभ्यपणा सोडला. पुंगळी तिसऱ्या गोळीलाच अडकू लागली. कधी चेंबरात तशीच राही आणि नवी गोळी तिच्या ढुंगणावर येऊन आपटे. कधी अर्धी बाहेर येऊन बोल्टच्या फटीत उभी राही, चुलीच्या धुराड्यागत. आता गुण जाऊ लागले. आणि इथे खिशातल्या हाताचं काम सुरू होतं.

स्पर्धेत पिस्तूल अडकलं की आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतो? पिस्तूल तसंच धरून ठेवा, नळी लक्ष्याच्या दिशेने, आणि मोकळा हात वर करा. बस. अधिकारी येईल, तो पाहील. पुंगळी निघाली नसेल, गोळी पेटली नसेल, पिन मोडली असेल तर हा मान्य बिघाड, राहिलेल्या गोळ्या नियमाप्रमाणे मिळतात. पण अधिकारी येण्याआधी तुम्ही बोल्ट मागे ओढलात, नुसता हलवून पाहिलात, तर बिघाड अमान्य. गोळ्या गेल्या. सेफ्टी काढायची राहिली, गोळी भरायचीच राहिली, तरीही अमान्य, पण ते निदान समजण्यासारखं आहे. बिघडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि वरून शाळेतल्यासारखा हात वर करून उभं राहायचं, ही अट माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. टीव्ही अडकला की आम्ही थापटतो, मिक्सर अडकला की हलवतो, बस अडकली की उतरून ढकलतो. ढकलून चालू झाली नाही तरी ढकलल्याचं समाधान असतं.

हवालदारसाहेबांना हा नियम ऐकवला तेव्हा ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आणि तेवढ्यात दुश्मन?’

मनू भाकरचं टोकियोतलं पिस्तूल त्या दिवसांत ओसरीवर वारंवार निघे. 25 जुलै 2021, 10 मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी. पिस्तुलात बिघाड झाला, ते घेऊन बाहेर जावं लागलं, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली आणि घड्याळ चालूच राहिलं. ती 575 गुणांवर बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने त्याच प्रकारात कांस्य घेतलं. एअर पिस्तुलात पुंगळी नसते, तेव्हा रोग वेगळा. पण ओसरीवर प्रत्येकाने त्यातून स्वतःला सोयीचं काढलं. ताईने काढलं की पोरीच्या हातून देव शेवटी करवून घेतो. मिस्त्रीने काढलं की रेंजवर एक मिस्त्री असायला पाहिजे होता.

भाची या सगळ्यात एक वही घेऊन फिरत होती. वहीत तारीख, गोळ्यांचा लॉट, मॅगझीनचा नंबर, कितवी गोळी, पुंगळी कुठे सापडली, हवा थंड की गरम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा तिचा नेम. मॅगझीन बदललं तर बाकी काही बदलायचं नाही. गोळ्यांचा लॉट बदलला तर मॅगझीन तेच. मला हे तिच्यात कुठून आलं ते कळत नाही. आमच्या घराण्यात ताप आला की गोळी, काढा, अंगारा आणि डॉक्टर हे एकाच सकाळी होतं. ताप उतरल्यावर श्रेयावरून दोन-तीन वर्षं भांडण चालतं.

आणि तिने आणखी एक काम केलं, जे ओसरीवर कोणाला सुचलं नव्हतं. सगळे पिस्तुलाकडे पाहत होते, किंवा पिस्तूल कुलपात असल्याने कुलपाकडे. तिने पुंगळ्या गोळा केल्या. उडालेल्या एका पुडीत, अडकलेल्या दुसऱ्या पुडीत. संध्याकाळी ताटात तांदूळ निवडतात तशा बसून ती भिंगातून एकेका कडेकडे पाहत राही. ताईच्या डोळ्यांत पाणी येई. पोलिसात जाणार होती.

वही आणि पुंगळ्या मिळून जे निघालं ते असं. दोन्ही मॅगझीनला दुखणं तेच, म्हणजे मॅगझीन सुटलं. दोन लॉटला तेच, म्हणजे गोळ्या सुटल्या. पुंगळी अडकली तरी शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे जाऊन नीट अडून राहतो, म्हणजे दाब पुरेसा, मोठी स्प्रिंगही ठीक. मग चेंबर. सेकंडहँड .22 मध्ये एक छुपा रोग असू शकतो: रिकाम्या पिस्तुलाचा चाप कोणी वारंवार ओढला असेल तर पुंगळीची कडा मधे नसल्याने पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथे बारीक खोक पडते, धातूचा कंगोरा आत येतो आणि तो प्रत्येक पुंगळीला दाबून धरतो. पूर्वीच्या मालकाच्या घरी पाहुणे आले की तो काय करत असेल, याची ओसरीवर फार वाईट चित्रं रंगवली गेली. भाचीने चेंबर स्वच्छ केलं, रिकामी पुंगळी बोटाने आत सरकवली, नळी कलती केली. पुंगळी आपली आपण घसरून बाहेर आली. कंगोरा नाही. पूर्वीचा मालक निर्दोष सुटला, आणि ओसरीवर कोणीही त्याची माफी मागितली नाही.

राहिली आकडी. चांगल्या आकडीने ओढलेल्या पुंगळीच्या कडेवर स्पष्ट चावा दिसतो. अडकलेल्यांवर चावा नव्हता, ओरखडा होता. धरलं आणि सुटलं. मग चार का निघत होत्या? कारण अशा पिस्तुलात दाबच पुंगळीला मागे आणतो. आकडीचं खरं काम तिला बोल्टच्या तोंडाशी नीट धरून ठेवण्याचं. आकडी ढिली असली तरी मॅगझीनमधली पुढची गोळी खालून टेकू देते आणि पुंगळी कशीबशी इजेक्टरपर्यंत जाते. पाचवीच्या खाली कोणी नसतं. टेकू गेला की उघडं पडायचं, हा नियम नगरपालिकेतही चालतो, पण तो विषय वेगळा. डिसेंबरात आकडी इतकी मंदावली की टेकूही पुरेना.

भाचीने हे ओसरीवर समजावलं तेव्हा फिटर मान हलवत म्हणाले, ‘तेच म्हणून राह्यलो होतो मी. बेअरिंग म्हणजे टेकूच ना?’

पिस्तूल परवानाधारक कारागिराकडे गेलं. मी सोबत होतो. त्याने सुती कापड पसरलं, बोल्ट काढला, आणि आकडी सोडवताना तिच्या मागची स्प्रिंग बोटाखाली दाबून धरली. ती दाणाभर स्प्रिंग उडाली तर काय होतं हे त्याला ठाऊक असावं, कारण त्याने आधी पंखा बंद केला, मग दार बंद केलं, मग मला हलू नका म्हणाला. आकडी भिंगाखाली धरली. टोक झिजून गोल झालेलं. स्प्रिंग थकलेली. आणि आकडीच्या खोबणीत मेण, काजळी आणि तेल यांचा दगडासारखा गोळा. हे अपेक्षित होतं. त्याने तो गोळा टाचणीने कोरून कापडावर पाडला आणि थांबला.

‘यह पीला क्या है?’

भाचीने पाहिलं. मी पाहिलं. पिवळं होतं, आणि कडेला थोडं लाल.

दसऱ्याला ताईने शस्त्रपूजा केली होती. पिस्तुलाला हळद, पिस्तुलाला कुंकू, वर झेंडूची पाकळी. भाची तेव्हा शिबिराला गेली होती. कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते हे ज्या घरात आईला माहीत नसतं, असं घर अजून बांधलं गेलेलं नाही. हळद तेलात मुरली, मेणात बसली आणि दिवाळीनंतर आकडीला पुंगळी पुरती धरू देईना. कारागीर हिंदी भाषक होता, पण इथे त्याला काही समजवावं लागलं नाही. तो म्हणाला, ‘अक्टूबर के बाद बहुत आते हैं.’

तेवढ्यावर सगळा दोष हळदीवर घालता आला असता, आणि गोष्ट चांगली झाली असती. पण झीज खरी होती, स्प्रिंगही खरोखर थकली होती. नुसतं साफ करून चार दिवस चाललं असतं. नवी आकडी आणि स्प्रिंग बाहेरून मागवली. त्या दोन वस्तू पोस्टाच्या पाकिटात मावतील एवढ्या. त्यांच्यामागून आलेले कागद पाकिटात मावले नाहीत.

ताईला हळदीचं सांगायचं की नाही यावर भाचीचं आणि माझं एकमत होतं. तरी ते तिला कळलं, कारण मी सांगितलं. ताई जराही ओशाळली नाही. ‘दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कोणामुळे चाललं मंग?’ ती म्हणाली. ‘आणि मध्ये अटकली ती पाचवीच अटकली का नाही? देवीने पहिल्या चार सोडवल्या.’ वहीत याला उत्तर नव्हतं. पुढच्या दसऱ्याला पिस्तुलाची पेटी बंद राहील आणि पूजा पेटीची होईल, असा तह झाला. दुसरी किल्ली भाचीने मागितली. ती कुठे आहे हे ताईला एकाएकी आठवेनासं झालं.

भोपाळच्या स्पर्धेला आम्ही चौघं गेलो. भाची, ताई, मी, आणि हवालदारसाहेब, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं पण ज्यांनी आपलं तिकीट आपण काढलं होतं. रेल्वेत त्यांनी पांढुर्ण्यापासूनच शेजारच्या प्रवाशाला रोकेचे प्रकार सांगितले. तो आमल्याला उतरणार होता. त्याआधीच तो पुढच्या डब्यात गेला.

भाचीचं पिस्तूल उत्तम चाललं. पुंगळ्या उजवीकडे एका रेषेत पडत होत्या, पाचवीसुद्धा. पदकाच्या जवळपास ती नव्हती, पण तो प्रश्न आकडीचा नाही. वेगाच्या फेरीत तिच्या शेजारच्या लेनमधल्या मुलीचं पिस्तूल अडकलं. तिने नियमाप्रमाणे केलं: नळी पुढे, पिस्तूल स्थिर, खिशातला हात बाहेर काढून वर. अगदी पुतळ्यासारखी उभी. अधिकारी तिच्याकडे निघाले. शांतता इतकी की पंख्याचा आवाज यावा.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मी हवालदारसाहेबांचा सदरा धरला, पण ते तोवर उभे राहिले होते, आणि त्यांचा आवाज परेड मैदानासाठी घडलेला आहे.

‘बेटी, देखती क्या है! मॅगझीन निकाल! कॉक कर!’

मुलगी दचकली, पण हात खाली आला नाही. तिला शिकवणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. सगळी रेंज आमच्या रांगेकडे वळली. अधिकारी अर्ध्या वाटेत थांबले, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, ‘ये साहब किसके साथ हैं?’

भाची समोरच्या लक्ष्याकडे पाहत राहिली. हवालदारसाहेब सावधान उभे. ताईने विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं.